सिक्वोया, रेडवुड आणि सभासदत्वाचा अर्ज

आयटीतल्या माणसाची 'डायव्हर्सिटी' या शब्दाशी गाठ वर्षातून एकदा पडते. ऑनलाइन ट्रेनिंग येतं, डेडलाइन टळली की मॅनेजरचं मेल येतं, मग आपण एका टॅबमध्ये स्लाइड्स पुढे ढकलत बसतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये स्कोअर बघतो. शेवटी दहा प्रश्न. आठ बरोबर आले की सर्टिफिकेट. डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन हे तीन शब्द ओळीने कानावर पडले की माझं तरी बोट आपोआप 'नेक्स्ट'कडे जातं.

पण गेले तीन-चार वीकेंड मी अमेरिकेतल्या निसर्गसंवर्धन संस्थांचा इतिहास वाचत होतो आणि तिथे हेच तीन शब्द वेगळ्याच रूपात भेटले. म्हणजे झाडं कुणी वाचवली, कुणासाठी वाचवली, आणि वाचवताना कुणाला बाहेर काढलं, असा दीडशे वर्षांचा हिशेब. शेवटी त्याची किंमत झाडांनाच मोजावी लागली. ती कशी, ते पुढे येईलच. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा :)

कॅलिफोर्नियात दोन अवाढव्य झाडं आहेत, एकमेकांची चुलत भावंडं. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर जायंट सिक्वोया, आकारमानाने जगात सर्वांत मोठं. आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या धुक्यात वाढणारं कोस्ट रेडवुड, जगात सर्वांत उंच. हिशेबाची एक बाजू सिक्वोयाच्या जंगलात आहे, दुसरी रेडवुडच्या.

आधी सिक्वोया. सिक्वोया नॅशनल पार्क १८९० मध्ये जाहीर झालं, पण नॅशनल पार्क सर्व्हिस हे खातं निघालं १९१६ मध्ये. मधली बरीच वर्षं उन्हाळा आला की घोडदळ सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचं, डोंगरात तळ टाकायचं आणि शिकारी, लाकूडचोर, मेंढपाळ यांना हाकलत फिरायचं. १९०३ मध्ये ही पाळी नवव्या घोडदळाच्या दोन तुकड्यांवर आली. ही सगळी कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण. यांनाच पुढे 'बफेलो सोल्जर्स' म्हणून ओळखलं गेलं. त्यांचा कॅप्टन चार्ल्स यंग. जन्म १८६४ चा, केंटकीत, आईवडील गुलाम. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून १८८९ मध्ये बाहेर पडलेला. त्याच्या आधी फक्त दोन कृष्णवर्णीय तिथून अधिकारी होऊन निघाले होते. या माणसाकडे त्या उन्हाळ्यापुरता पार्कचा कारभार आला. कुठल्याही राष्ट्रीय उद्यानाचा तो पहिला कृष्णवर्णीय प्रमुख.

तेव्हा पार्कमध्ये धड रस्ता नव्हता. मोठी झाडं बघायची तर खेचराच्या पाठीवर बसून जावं लागे. आधीच्या तीन उन्हाळ्यांत मिळून जेवढा रस्ता झाला होता तेवढा यंगच्या माणसांनी एका उन्हाळ्यात बांधला. जायंट फॉरेस्टपर्यंत घोडागाडी पोचली आणि पुढे मोरो रॉकच्या पायथ्यापर्यंत गेली. काम संपल्यावर त्याने सैनिकांना, मजुरांना आणि गावकऱ्यांना जेवण दिलं. एका झाडाला बुकर टी. वॉशिंग्टन यांचं नाव दिलं. लोक म्हणाले, एका झाडाला तुमचंही नाव देऊ. हा म्हणाला, वीस वर्षांनीही तुम्हाला तसं वाटलं तर द्या. सरकारला पाठवलेल्या अहवालात त्याने पार्कच्या हद्दीतली खाजगी जमीन सरकारने विकत घ्यावी अशी शिफारस केली. संवर्धनाच्या दृष्टीने ही अगदी कळीची गोष्ट.

वीस वर्षांनी कुणाला आठवण राहिली नाही. यंग १९२२ मध्ये वारला. त्याच्या नावाचं झाड झालं २००४ मध्ये, म्हणजे १०१ वर्षांनी. मधल्या काळात हे सैनिक या उद्यानांच्या गोष्टीतून पार पुसले गेले होते. ती गोष्ट लोकांपर्यंत परत आणण्यात मोठा वाटा शेल्टन जॉन्सन नावाच्या रेंजरचा. योसेमिटीच्या संग्रहात त्याला १८९९ चा एक फोटो सापडला: घोड्यांवर बसलेले कृष्णवर्णीय सैनिक, मागे तेच जंगल जिथे तो स्वतः नोकरी करत होता. तेव्हापासून तो सैनिकाचा गणवेश चढवून पर्यटकांना ही गोष्ट सांगत आला. आपल्या उद्यानात कृष्णवर्णीय पर्यटक इतके कमी का दिसतात, असं पत्र त्याने थेट ओप्रा विन्फ्रीला लिहिलं, आणि २०१० मध्ये ती खरोखर योसेमिटीत तंबू ठोकायला आली.

इथे एक गोष्ट लपवायला नको. याच कृष्णवर्णीय पलटणी त्याआधी पश्चिमेत मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढायांतही वापरल्या गेल्या होत्या. बाहेर ठेवलेले लोक एकाच बाजूला उभे असतात असं काही नसतं. आणि 'निर्मनुष्य' जंगल आधी निर्मनुष्य करावं लागलं, हे योसेमिटीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

१८५१ मध्ये मारिपोसा बटालियन योसेमिटीच्या दरीत शिरली. तिथले अवानीची लोक आणि त्यांचा प्रमुख तेनाया यांना हुसकावण्यासाठी त्यांची गावं आणि हिवाळ्यासाठी साठवलेली ओकची फळं जाळली. ओकची फळं म्हणजे त्यांचं रोजचं अन्न. १८६४ मध्ये लिंकनने ही दरी लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. 'लोकांसाठी'. काही कुटुंबं परत आली, हॉटेलांत कामाला लागली, बायका टोपल्या विणून पर्यटकांना विकू लागल्या. १९१६ पासून काही वर्षं तिथे 'इंडियन फील्ड डेज' नावाची जत्रा भरवली जायची आणि या लोकांना सपाट प्रदेशातल्या जमातींचे पिसांचे मुकुट, पोशाख घालायला लावायचे, कारण पर्यटकांच्या डोक्यात 'इंडियन' तसा दिसायचा. (आपल्याकडे कोळीनृत्याला भांगड्याचे कपडे घातले तर काय होईल, तसं.) पुढे नियम आला की पार्कमध्ये कायमची नोकरी असेल तरच राहता येईल. घर रिकामं झालं की पाडायचं. १९६९ मध्ये उरलीसुरली रिकामी घरं आग विझवण्याच्या सरावासाठी पेटवली गेली. शेवटचा रहिवासी, पार्कचाच कर्मचारी, निवृत्त होऊन बाहेर पडला ते साल १९९६.

आता रेडवुडची बाजू. इथे मॅडिसन ग्रँट भेटतो आणि डोकं चक्रावतं.

ग्रँट हा न्यूयॉर्कचा श्रीमंत वकील. त्याच्या कामाची यादी बघाल तर पुतळा उभारावासा वाटेल. १८९५ मध्ये न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता. चार वर्षांनी या संस्थेचं ब्रॉन्क्स झू उघडलं. रानगवे, म्हणजे बायसन, नामशेष व्हायच्या बेतात होते ते वाचवायच्या खटपटीत तो होता. १९१८ मध्ये त्याने हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न आणि जॉन मेरियम यांच्याबरोबर 'सेव्ह द रेडवुड्स लीग' काढली. आज किनाऱ्यावर जुनी रेडवुड झाडं उभी आहेत त्यात या लीगने विकत घेऊन वाचवलेल्या जमिनीचा फार मोठा भाग आहे.

आणि याच माणसाने १९१६ मध्ये 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' लिहिलं. त्यात उत्तर युरोपातला 'नॉर्डिक' वंश श्रेष्ठ, तो इतरांच्या गर्दीत बुडतोय, कमअस्सल लोकांना मुलं होऊ देऊ नयेत, असा सगळा मसाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा बचाव पक्षाने हे पुस्तक पुरावा म्हणून पुढे केलं: बघा, हे विचार तुमच्याकडचेच आहेत.

हे दोन ग्रँट वेगळे होते, एक चांगला आणि एक वाईट, असं म्हणून सोडून देता येतं. मला ते पटत नाही. दोन्हीकडची त्याची भाषा एकच आहे. एक प्राचीन, भव्य, उदात्त वंश, त्याला क्षुद्रांनी घेरलंय, म्हणून कुंपण घाला. झाडाच्या जागी माणूस ठेवला की झालं. त्याच्या हिशेबात रेडवुड वाचवणं आणि 'वंश' वाचवणं हा एकच प्रकल्प होता.

त्याचं प्राणिसंग्रहालयही हेच सांगतं. सप्टेंबर १९०६ मध्ये ब्रॉन्क्स झूने ओटा बेंगा या काँगोतून आणलेल्या तरुणाला माकडांच्या इमारतीत पिंजऱ्यात ठेवून लोकांना दाखवलं, ओरांगउटानसोबत. गर्दी लोटली. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी, त्यात ब्रुकलिनच्या अनाथाश्रमाचे प्रमुख जेम्स गॉर्डन पुढे होते, आवाज उठवला तेव्हा प्रदर्शन थांबलं. तेव्हा सोसायटीचा सचिव ग्रँट होता. बेंगाने १९१६ मध्ये व्हर्जिनियात आत्महत्या केली. त्याच साली ग्रँटचं पुस्तक आलं. संस्थेने जाहीर माफी मागितली जुलै २०२० मध्ये, ११४ वर्षांनी.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर थोडं जवळचं सांगतो. ग्रँट इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीगचा उपाध्यक्ष होता आणि १९२४ चा इमिग्रेशन कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत आघाडीवर होता. भारतीयांना १९१७ च्या कायद्याने आधीच दार बंद झालं होतं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय 'गोरे' नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. १९२४ च्या कायद्याने या भिंतीला प्लास्टर केलं. १९४६ मध्ये फट पडली, ती केवढी? वर्षाला १०० भारतीय. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने. आज न्यू जर्सीत किंवा बे एरियात गणपती बसवणारी जी मराठी मंडळी आहेत, त्यातली बहुतेक घरं या १९६५ नंतरची. आणि ही बे एरियातली मंडळी लाँग वीकेंडला पोराबाळांना घेऊन रेडवुड बघायला जातात. ग्रँटला काय वाटलं असतं, या विचाराने मला थोडा आसुरी आनंद होतो.

ग्रँट हा टोकाचा नमुना. पण बाहेर ठेवायला प्रत्येक वेळी पुस्तक लिहावं लागत नाही, साधा अर्जसुद्धा पुरतो. सिएरा क्लब ही अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली पर्यावरण संस्था, स्थापना १८९२, पहिले अध्यक्ष जॉन म्यूर. सुरुवातीची कित्येक दशकं ती प्रामुख्याने सुखवस्तू गोऱ्या लोकांचा गिर्यारोहण क्लब होती. सभासद व्हायचं तर आधीच्या सभासदाची शिफारस लागायची. कागदावर यात काही वंशभेद नाही. पण तुमच्या ओळखीत एकही कृष्णवर्णीय नसेल तर तुम्ही शिफारस कोणाची करणार? आणि कुणी अर्ज घेऊन आलाच तर चाळणी लावणारे काही सभासद होतेच. किमान १९६० च्या दशकापर्यंत हे चालत होतं, असं क्लबने स्वतःच पुढे कबूल केलं. सरकारी उद्यानांतली स्थिती तर आणखी उघड होती. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ उद्यानात १९३९ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळी छावणी होती आणि तशी पाटीही होती.

शिफारशीच्या अटीकडे मी सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघतो. कोडमध्ये 'काळ्यांना नकार' अशी ओळ कुठेच नाही. पण इनपुटच असं ठेवलंय की आउटपुट तेच येणार. टेस्ट सगळ्या पास, आणि बग शोधायला गेलात तर सापडत नाही.

क्लबचा लोकसंख्येचा नादही याच वळणाचा. पॉल एर्लिक यांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' १९६८ मध्ये सिएरा क्लबच्या सहभागानेच निघालं. त्या पुस्तकाची सुरुवात होते दिल्लीच्या रस्त्यावर, टॅक्सीतून दिसणाऱ्या गर्दीच्या भीतीने. पृथ्वीवरच्या संकटाचं चित्र काढायचं तर मोटारींनी भरलेलं लॉस एंजेलिस नाही सुचलं, दिल्लीची गल्ली सुचली! १९७२ च्या सुमारास क्लबने सभासदांना विचारलं, शहरातले गरीब आणि अल्पसंख्याक यांच्या पर्यावरणाच्या प्रश्नांत आपण पडावं का? निम्म्याहून जास्त सभासद 'नको' म्हणाले. क्लबच्या लोकसंख्या समितीचे त्या काळातले अध्यक्ष जॉन टँटन यांनी १९७९ मध्ये स्थलांतरविरोधी संघटना काढली, आणि ती पुढे अमेरिकेतली मोठी संघटना झाली. १९९८ मध्ये स्थलांतरावर बंधनं घालायला पाठिंबा द्यावा का, यावर क्लबमध्ये मतदान झालं. सुमारे साठ टक्के सभासदांनी तटस्थ राहायचं ठरवलं. २००४ मध्ये त्याच गटाने संचालक मंडळ ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तोही पडला. तेव्हा सभासदांनीच नाव सावरली, हेही नोंदवायला हवं.

तोवर बाहेर एक वेगळीच पर्यावरण चळवळ उभी राहिली होती. नॉर्थ कॅरोलिनात दोनशेहून जास्त मैल रस्त्यांच्या कडेला कुणीतरी चोरून पीसीबी हे विषारी तेल ओतलं होतं. ती माती पुरायला सरकारने वॉरन काउंटी निवडली, जिथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आणि गरीब. १९८२ मध्ये लोक ट्रकांसमोर आडवे झाले, पाचशेहून जास्त अटका झाल्या. पुढे होते ते चर्चवाले आणि नागरी हक्कवाले. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने देशभराचा अभ्यास काढला: घातक कचऱ्याचे व्यापारी प्रकल्प कुठे आहेत हे ओळखायला सर्वांत नेमका निकष वंश आहे, उत्पन्नही त्याच्या मागे.

मग १९९० साल. जानेवारीत आणि मार्चमध्ये दोन पत्रं 'ग्रुप ऑफ टेन' म्हटल्या जाणाऱ्या बड्या दहा पर्यावरण संस्थांना गेली. दुसरं पत्र न्यू मेक्सिकोतल्या साउथवेस्ट ऑर्गनायझिंग प्रोजेक्टचं, शंभराहून जास्त सह्यांचं. आशय रोखठोक होता: तुम्ही आमच्या वस्त्यांबद्दल निर्णय घेता, आमच्या नावाने पैसा उभा करता, आणि तुमच्या ऑफिसात, बोर्डावर आमचा माणूस नाही. एक तृतीयांशाहून जास्त कर्मचारी आमच्यातले घ्या, तोवर आमच्या भागातलं काम थांबवा. ऑक्टोबर १९९१ मध्ये वॉशिंग्टनला या लोकांची स्वतःची राष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे १७ तत्त्वं मंजूर झाली.

बड्या संस्थांनी मान डोलावली, समित्या नेमल्या, वचनं दिली.

काय झालं त्याचं? हे मोजलं डोर्सेटा टेलर यांनी. येलच्या वनशास्त्र विद्यालयातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, १९९१ सालच्या. २०१४ मध्ये त्यांनी १९१ संवर्धन संस्था, ७४ सरकारी खाती आणि २८ अनुदान देणाऱ्या फाउंडेशन्स तपासल्या. देशात तेव्हा गौरेतर लोक ३५ टक्क्यांच्या वर होते. या संस्थांत त्यांचं प्रमाण १६ टक्क्यांच्या वर जात नव्हतं. तिन्ही प्रकारांत जणू एकच छत होतं. स्त्रियांची संख्या मात्र चांगली वाढली होती, पण त्या बहुतेक गोऱ्या, आणि मोठ्या संस्थांच्या सर्वोच्च खुर्चीवर अजून पुरुषच. सगळ्या संस्था म्हणत होत्या की आम्हाला विविधता हवीच आहे. पण जागा भरायच्या त्या ओळखीपाळखीतून, तोंडी निरोपातून. आणि या क्षेत्रात शिरायचा नेहमीचा रस्ता म्हणजे एखादा उन्हाळा बिनपगारी किंवा नाममात्र पगाराची इंटर्नशिप. ज्याच्या घरी त्याच्या पगाराची वाट बघत बसलेले आहेत तो हे कुठून करणार?

थोडक्यात, सभासदत्वाच्या अर्जावरची शिफारशीची सही गेली, पण तिचं काम करणारं दुसरं काहीतरी आलं. आमच्या धंद्यात याला 'रेफरल' म्हणतात आणि वर बोनस देतात. त्यामुळे ट्रेनिंगच्या स्लाइड्सवर माझा फारसा विश्वास नाही. इंटर्नला पगार द्या, जागा जाहिरात देऊन भरा, आणि बोर्डावर कोण बसतं ते दरवर्षी छापा, या तीन कंटाळवाण्या गोष्टींनी जास्त फरक पडेल असं मला वाटतं.

२०२० मध्ये सगळं एकदम वर आलं. २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका बाईला कुत्रा बांधून ठेवा म्हटलं, म्हणून तिने पोलिसांना फोन लावला. २२ जुलैला सिएरा क्लबचे प्रमुख मायकल ब्रून यांनी जाहीर निवेदन काढून क्लबचा वंशभेदी इतिहास मान्य केला आणि जॉन म्यूर यांनी कृष्णवर्णीयांबद्दल व मूळ रहिवाशांबद्दल लिहिलेल्या तुच्छतेच्या मजकुराचाही उल्लेख केला. यावर सगळ्यात ठाम आक्षेप कोणी घेतला असेल? ॲरन मेअर यांनी, जे २०१५ मध्ये क्लबचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले होते. त्यांचं म्हणणं, म्यूरचा तो मजकूर तरुणपणाचा आहे, पुढे अलास्कात त्लिंगिट लोकांबरोबर राहून त्याची मतं बदलली, आणि हे न सांगता त्याला ग्रँटच्या पंगतीत बसवणं अन्याय आहे. मला मेअर यांचं बरंचसं पटतं. माणूस बदलला तर ते नोंदवायलाच हवं. ग्रँट कधी बदलला नाही.

नावांचे वाद पुढे चालू राहिले. नॅशनल ऑड्यूबन सोसायटीने २०२३ मध्ये गुलाम बाळगणाऱ्या ऑड्यूबनचं नाव कायम ठेवायचं ठरवलं, तर सिएटल, शिकागोच्या शाखांनी ते टाकून दिलं. सिएरा क्लबला २०२३ मध्ये बेन जेलस हे पहिले कृष्णवर्णीय कार्यकारी संचालक मिळाले, ऑगस्ट २०२५ मध्ये बोर्डाने त्यांना काढलं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांतले हे तीन शब्दांचे कार्यक्रम आदेश काढून बंद केले. बातम्यांत दिसतो तो एवढाच भाग.

पण ब्रून यांच्या निवेदनाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा म्हणजे १९ ऑगस्ट २०२० ला, सिएरा नेवाडात वीज पडून आग लागली. सिक्वोया हे आगीला न घाबरणारं झाड. साल हातभर जाड. त्याची बोंडं उष्णतेने उघडतात आणि बी राखेत पडून रुजतं, म्हणजे त्याला आग लागतेच. पण ती आग जमिनीलगतची, दर काही वर्षांनी येणारी. ती कधी विजेने यायची, कधी माणसं लावायची. तिथल्या जमाती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जंगल जाळायच्या. योसेमिटीच्या दरीतली जी मोकळी कुरणं आणि ऐसपैस ओकची झाडं बघून गोरे पाहुणे निसर्गाच्या बागेचे गोडवे गात होते, ती बाग बऱ्याच अंशी या लोकांनी आगीने राखलेली होती. माळी हाकलले, आग लावणं गुन्हा ठरवलं, आणि शतकभर प्रत्येक ठिणगी विझवली. जंगलात झुडपं आणि वाळकं लाकूड साचत गेलं. पार्क सर्व्हिसला चूक कळल्यावर १९६८ पासून सिक्वोया भागात नियंत्रित आगी लावायला सुरुवात झाली, पण साचलेल्याच्या मानाने ते फार थोडं पडलं. वर तापमानवाढ आणि दुष्काळ.

२०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातली १३ ते १९ टक्के मोठी सिक्वोया झाडं मेली. हजार-दोन हजार वर्षं शेकडो आगी पचवलेली झाडं, दोन मोसमांत. सगळा दोष हाकललेल्या माळ्यांच्या अनुपस्थितीचा नाही, हवामानाचा वाटा मोठा आहे. पण आग कशी लावायची हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना शंभर वर्षं कुणी विचारलं नाही, हेही खरंच. कमिटीवर त्यांचा माणूस असता तर विचारलं असतं का? निदान त्याने हात तरी वर केला असता.

आता काही जमाती आणि सरकारी खाती मिळून पुन्हा जंगलं जाळू लागली आहेत. उत्तरेला करुक आणि युरोक लोक यात पुढे आहेत. (आपल्याकडच्या जंगलांची आणि वनहक्कांची गोष्ट वेगळी आहे, तिच्यावर स्वतंत्र लिहीन.)

आणि सेव्ह द रेडवुड्स लीग? ग्रँटची लीग? तिने आपल्या संस्थापकांचा इतिहास उघड मांडला. जानेवारी २०२२ मध्ये किनाऱ्यावरचं ५२३ एकर रेडवुडचं जंगल दहा जमातींच्या इंटरट्रायबल सिंकयोन विल्डरनेस कौन्सिलला देऊन टाकलं. मार्च २०२४ मध्ये युरोक जमात, नॅशनल पार्क सर्व्हिस आणि कॅलिफोर्निया स्टेट पार्क्स यांच्याबरोबर करार केला: ऑरिक गावाजवळची १२५ एकर जागा युरोकांना परत द्यायची, हस्तांतराचं साल २०२६. पार्क सर्व्हिसच्या जोडीने कारभार चालवली जाणारी ही पहिली आदिवासी मालकीची जमीन ठरेल असं तेव्हा जाहीर झालं. इथे पूर्वी युरोकांचं 'ओ रेव' नावाचं गाव होतं, नंतर लाकडाची गिरणी झाली, ओढा सरळ कालव्यासारखा कोंबला गेला आणि सगळीकडे डांबर पसरलं.

जवळच प्रेरी क्रीक रेडवुड्स स्टेट पार्क आहे. तिथे मॅडिसन ग्रँटच्या स्मरणार्थ ठेवलेला दगड होता, तो २०२१ मध्ये हलवला. ओढा पुन्हा वळणावळणाचा करून सामनच्या पिल्लांसाठी डोह खणायचं काम युरोकांच्या पथकांनी करार व्हायच्या आधीच सुरू केलं होतं, आणि त्या डोहांत पिल्लं परत आली आहेत.